तुम्ही विचारलंत म्हणून : मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतो का?

फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की हा प्रश्न कोणीतरी टाकतंच, आणि विचारणाऱ्याचं स्वतःचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : छे, होत नाही. पुराव्याला मॅराडोना हजर. 2010च्या विश्वचषकात त्याच्या अर्जेंटिनाला जर्मनीने 4-0 असं धुतलं होतं. माझं उत्तर वेगळं आहे. होतो, पण फार वेळ लागतो. माझा साक्षीदार युप हाइन्केस, जर्मनीचा गाजलेला गोलकर्ता आणि पुढे प्रशिक्षक.

म्योन्शनग्लाडबाखच्या लोहाराचा हा मुलगा, दहा भावंडांतला. जन्म 9 मे 1945, जर्मनीने शरणागती पत्करली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हाताला गिलाव्याचं काम शिकलेला. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, 369 सामन्यांत 220 गोल. आजवर त्याच्या पुढे फक्त तिघे गेलेत. 1978च्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात ग्लाडबाखने, म्हणजे त्याच्या गावच्या क्लबने, डॉर्टमुंडला 12-0 असं हरवलं, त्यात पाच गोल एकट्या हाइन्केसचे. तरीही गोलफरकावर विजेतेपद गेलं कोलोनकडे!

एवढ्या नावामुळे काय मिळालं? पहिली नोकरी. 1979मध्ये, चौतिशीत, स्वतःच्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. आठ वर्षं राहिला आणि एकही चषक जिंकला नाही. आजचे मालक आठ महिने थांबणार नाहीत. पुढे बायर्न म्युनिकला 1989 आणि 1990 अशी सलग दोन विजेतेपदं मिळवून दिली, 1991मध्ये काढला गेला. सामन्यात ताण वाढला की चेहरा लालबुंद व्हायचा, म्हणून लोकांनी नाव ठेवलं 'ओसराम', तिथल्या बल्बच्या कंपनीवरून.

खरा धडा फ्रँकफर्टचा, तिथल्या क्लबचा तो प्रशिक्षक असतानाचा. डिसेंबर 1994. सरावात अंग चोरलं म्हणून त्याने येबोआ, ओकोचा आणि गाउडिनो या तीन बड्या खेळाडूंना जादा पळायला लावलं. तिघे पुढच्या सामन्याला उतरलेच नाहीत. येबोआ आणि गाउडिनो इंग्लंडला निघून गेले, आणि मोसम संपायच्या आत हाइन्केसही गेला. माझ्या मते ही चूक बड्या खेळाडूचीच असते : मी घाम गाळला, मग तू का नाही?

मधली वर्षं भराभर सांगतो. 1998मध्ये रेआल माद्रिदला 32 वर्षांनी युरोपचा चषक, म्हणजे चॅम्पियन्स लीग, मिळवून दिला आणि काही दिवसांतच नारळ मिळाला, कारण लीगमध्ये संघ चौथा आला होता. 2007मध्ये पुन्हा धरलेली ग्लाडबाखची नोकरी सोडून तो घरी बसला, तेव्हा हा माणूस संपला असंच सगळे धरून चालले होते.

पण 2011मध्ये तो पुन्हा बायर्नला आला. पहिल्या मोसमात लीगमध्ये दुसरा, जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात हार, आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, तेही म्युनिकच्याच मैदानावर, चेल्सीकडून पेनल्टीवर पराभव. जादा वेळेत बायर्नचा आघाडीचा खेळाडू रॉबेन याची पेनल्टी अडवली गेली होती. फ्रँकफर्टचा हाइन्केस असता तर इथे कोणाची तरी हकालपट्टी झाली असती. या हाइन्केसने रॉबेन ठेवला, दुसऱ्या बगलेचा तारा रिबेरी ठेवला, आणि दोघांना आपल्या बचावपटूंच्या मदतीला मागे धावायला लावलं. हुकूम सोडून नव्हे, पटवून. येबोआला न जमलेलं पळणं या दोघांनी आपणहून केलं, फरक इतकाच.

त्यातही जानेवारी 2013मध्ये क्लबने जाहीर केलं की उन्हाळ्यात हाइन्केसच्या जागी बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक ग्वार्डिओला येणार. जाणाऱ्या प्रशिक्षकाचं कोण ऐकतं? खेळाडूंनी ऐकलं. बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून 7-0, लीगमध्ये 91 गुण, आणि लंडनच्या वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडविरुद्ध 89व्या मिनिटाला विजयी गोल. करणारा रॉबेन. एकाच मोसमात लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग जिंकणारा बायर्न हा पहिला जर्मन क्लब. हाइन्केस तेव्हा 68 वर्षांचा होता.

क्लॉपचं नाव तुम्ही काढणारच. त्या रात्री वेम्बलीवर समोरच्या बाकावर डॉर्टमुंडचा प्रशिक्षक म्हणून तोच होता. खेळाडू म्हणून माइन्ट्स या क्लबकडून सगळी व्यावसायिक कारकीर्द दुसऱ्या श्रेणीत काढलेला, बुंडेसलिगात एकही सामना न खेळलेला. म्हणजे तुमचा मुद्दा अगदीच खोटा नाही. क्लॉपला चाळिशीच्या मध्यावर जे कळलं होतं, ते कळायला हाइन्केसला साठी ओलांडावी लागली. एवढा वेळ किती क्लब देतात, हा प्रश्न मात्र मला कोणी विचारत नाही.