तुम्ही विचारलंत म्हणून : पहिली जागा कुठे घ्यावी?

"काकू, थोडे पैसे साठले आहेत, जागेत गुंतवायचे आहेत, कुठे घेऊ?" हा प्रश्न मला लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेनंतर, कधी रात्री उशिरा दूरध्वनीवरही विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तरात वाघोली, तळेगाव किंवा कर्जत असे एखादे नाव हवे असते. मी मात्र आधी कागद मागते, कारण या व्यवहारातले सर्वांत मोठे नुकसान भाव उतरल्यामुळे होत नाही. जी जागा आपली झाली असे आपण समजतो ती कायद्याने आपली झालेलीच नसते, त्यामुळे होते. हे मी स्वतःचे पैसे गमावून शिकले आहे.

2009 साली पुण्याच्या पूर्वेला मला दोन गुंठ्यांचा एक तुकडा दाखवण्यात आला. चुन्याच्या रेषा आखलेल्या होत्या, कोपऱ्यांवर दगड रोवलेले होते आणि "एनए होणारच आहे", म्हणजे जमीन बिगरशेती होणारच आहे, असे मध्यस्थ ठामपणे सांगत होता. मी 50,000 रुपये विसार दिला आणि सातबारा त्यानंतर पाहिला. वडिलांचे एक स्नेही तलाठी म्हणून निवृत्त झाले होते, त्यांच्याकडे तो नेला, तेव्हा मालकांच्या नावांवर त्यांनी नुसती नजर टाकली आणि बोट थेट 'इतर हक्क' या रकान्यावर ठेवले. तिथे एका कुळाचे नाव होते आणि खाली विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवलेला होता. शिवाय जमिनीच्या त्या गटात अकरा जणांची नावे सामाईक असल्यामुळे माझे दोन गुंठे नेमके कोणते, हे केवळ मध्यस्थाच्या नकाशावर ठरलेले होते. मला मिळणार होते ते नोटरी केलेले साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा नुसता करार, आणि मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. माझा विसार परत आला नाही.

म्हणून शेतजमिनीकडे वळणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि 1947 चा तुकडेबंदी कायदा गुंठ्यागुंठ्याने होणाऱ्या विक्रीच्या आड येतो. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिलेले असेल, तर ती जमीन विकण्यावर शासनाचे निर्बंध असतात. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी काढून आणि वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घेऊन मगच विसाराची गोष्ट करावी. मी क्रम उलटा केला होता.

त्यानंतर पाच वर्षांनी मी एक जुनी, एका शयनगृहाची सदनिका घेतली. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला होता आणि सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण होऊन जमिनीची मालकी तिच्याकडे आलेली होती, एवढ्यासाठीच मी ती निवडली. किंमत 32 लाख रुपये होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली धरून ती साडेचौतीस लाखांना पडली. भाडे महिना 10,500 रुपये येत असे, पण भाडेकरू बदलताना वर्षात एक महिना घर रिकामे राही. सोसायटीची वर्गणी आणि मिळकतकर वजा केल्यावर वर्षाला सुमारे 87,000 रुपये हाती उरत, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर अडीच टक्के. गृहकर्जाचा दर तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास होता. भाड्यातून हप्ता भागेल असे ज्यांना कोणी सांगितले असेल, त्यांनी हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी एकदा करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांबद्दल मला आता पूर्वीइतकी भीती वाटत नाही. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा रेरा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला आणि ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेतील 70 टक्के त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ती मागितली गेली, तर तिथूनच परत फिरावे. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे. परंतु महारेराचा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाचा, आदेश हाती येणे आणि पैसे खात्यात येणे यांत मोठे अंतर असू शकते, कारण वसुली अखेरीस जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करावी लागते. त्या काळात घरभाडे आणि हप्ता दोन्ही भरण्याची ताकद नसेल, तर तयार घरच पाहावे.

आणखी एक धोका लोक मोजतच नाहीत. घरात आजारपण आले तर सदनिकेची एक खोली विकून पैसे उभे करता येत नाहीत, आणि घाईने विकणाऱ्याला भाव मिळत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. ज्यांची रक्कमच लहान आहे, त्यांना मी रीट सुचवते, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारा न्यास. एप्रिल 2019 पासून भारतात त्यांचे युनिट शेअर बाजारात मिळतात. किमान 80 टक्के मालमत्ता तयार आणि भाडे देणारी असावी लागते, आणि वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान 90 टक्के गुंतवणूकदारांना द्यावी लागते. भाव बाजाराबरोबर खालीवर होतो, पण गरज पडली तर त्यातला काही भाग विकता येतो.

गेल्या महिन्यात भाच्याने तळेगावजवळच्या एका भूखंडाचे छायाचित्र मला पाठवले. सातबारा घेऊन ये, असे मी त्याला सांगितले आहे. तो आला की 'इतर हक्क' हा रकाना आम्ही दोघे मिळून वाचणार आहोत.