धातू ओळखण्याची हातपेटी: आम्लाकडून बॅटरीकडे

या खेपेची मुख्य प्रगती अशी की पेटीतून तीव्र आम्लाची बाटली कायमची बाहेर निघाली. पृष्ठभागावरच्या धातूची ठिपका-चाचणी (थेंबभर रसायनाच्या रंगावरून धातू ओळखणे) म्हटली की रंग देणाऱ्या रसायनांचीच चर्चा फार होते. माझ्या मते मात्र धातू कागदावर उतरवायचा कसा, यातच निम्मी परीक्षा असते. आम्लाचा थेंब किती खोल जाईल यावर आपला ताबा नसतो, आणि जुन्या नाण्यावर किंवा मुलामा दिलेल्या वस्तूवर तो कायमचा डाग ठेवून जातो. म्हणून ते काम आता विजेकडे सोपवले आहे.

रचना साधी आहे: 9 व्होल्टची बॅटरी, 1 किलोओहमचा रेझिस्टर, 1 चौरस सेंटिमीटरची स्टेनलेस स्टीलची चकती आणि सोडियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून टिपलेला फिल्टर पेपर. धन टोक नमुन्याला आणि ऋण टोक चकतीला जोडून कागद मध्ये दाबून धरला, की नमुन्याचा धातू विरघळून कागदात उतरतो. चकती ऋण बाजूला असल्याने ती विरघळत नाही. रेझिस्टरमुळे प्रवाह 9 मिलिअँपिअरच्या वर जात नाही. फॅरडेच्या नियमाने (जितकी वीज वाहते, तितक्या प्रमाणात धातू विरघळतो) हिशेब मांडला, तर 5 सेकंदांत जास्तीत जास्त 14 मायक्रोग्रॅमच्या आसपास निकेल निघते, म्हणजे जेमतेम 15 नॅनोमीटर जाडीचा थर. कागदावर रंग उमटायला एवढे पुष्कळ झाले, आणि नाण्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. तरीही संग्राह्य नाण्यांवर हा प्रयोग करू नये. मी झिजून गेलेलीच नाणी वापरतो.

पहिली परीक्षा 1947 च्या निकेलच्या रुपयाची घेतली. नुसत्या नायट्रेटमध्ये निकेल हटून बसते, त्याच्यावर संरक्षक थर धरतो. द्रावणात चिमूटभर मीठ टाकले की ते सुटते. चुगाएव यांनी 1905 मध्ये दाखवलेली डायमिथाइलग्लायऑक्झाइम या निकेल ओळखणाऱ्या रसायनाची अभिक्रिया येथे उपयोगी पडते: थेंब सोडून कागद अमोनियाच्या वाफेवर धरला, की गडद गुलाबी ठसा उमटतो. ऐंशीच्या दशकातला तांबे-निकेलचा रुपया त्याहून देखणा निघाला. निकेलचे गुलाबी संयुग पाण्यात विरघळत नसल्याने ते जागच्या जागी मध्यभागी राहिले, तर तांब्याचे अमोनियातले निळे द्रावण कागदाच्या तंतूंतून बाहेर पसरत गेले आणि गुलाबी ठिपक्याभोवती निळे कडे तयार झाले. एकाच कागदावर दोन्ही धातू वेगवेगळे वाचता आले.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत सावध राहावे लागते, कारण फेरस (कमी ऑक्सिडीकृत) लोहही डायमिथाइलग्लायऑक्झाइमशी लाल रंग देते. 1992 पासूनच्या स्टीलच्या रुपयात निकेल नसतानाही कागद फसवू शकतो. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून लोह आधी फेरिक (अधिक ऑक्सिडीकृत) अवस्थेत न्यावे आणि टार्ट्रेटने (टार्टारिक आम्लाच्या क्षाराने) ते बांधून ठेवावे. त्यानंतरही गुलाबी रंग टिकला, तरच निकेल मानावे.

चांदीसाठी डायक्रोमेट आणि नायट्रिक आम्लाची लाल पडणारी परीक्षा प्रसिद्ध आहे, पण ते विषारी मिश्रण प्रवासाच्या पेटीत मला नको होते. 1940 ते 1945 च्या रुपयात 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबे आणि उरलेले निकेल व जस्त असते. त्याचा ठसा मीठ न घातलेल्या नायट्रेटवर घेतला, मग मिठाच्या पाण्याचा थेंब दिला आणि कागद स्वच्छ पाण्यात धुतला. तांबे वाहून गेले, सिल्व्हर क्लोराइड कागदात अडकून राहिले, आणि गच्चीवरच्या उन्हात ते पाहता पाहता जांभळट करडे झाले. नागपूरच्या उन्हाचा असाही उपयोग होतो.

तेच ऊन बाकी सर्व बाबतींत आडवे येते. पारा 45 अंशांवर गेला की चाचणी पुरी होण्याआधी कागद वाळतो आणि अमोनियाच्या बाटलीत दाब साठून झाकण उघडताच वाफ तोंडावर येते. कूलरच्या ओलसर वाऱ्यात कागद बरा टिकतो. मात्र घरभर पसरलेल्या वासाबद्दल घरच्यांची बोलणी खावी लागतात.

सध्या हातात आहे ती कल्हईची चाचणी. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातून आलेल्या पितळी पातेल्याची कल्हई शुद्ध कथलाची आहे की तिच्यात शिसे मिसळले आहे, हे पाहायचे आहे. सोडियम रोडिझोनेट आम्लधर्मी टार्ट्रेट द्रावणात, सुमारे 2.8 पीएचला, शिशाबरोबर लालभडक रंग देते. पण त्याचे द्रावण काही तासांतच निकामी होते, त्यामुळे कोरडी भुकटी नेऊन जागेवरच ते बनवावे लागते. कथलामुळेही जांभळट छटा येऊ शकते, म्हणून शुद्ध कथलाचा तुकडा आणि शिसे-कथलाचे सोल्डर असे दोन ओळखीचे नमुने शेजारी ठेवूनच निकाल वाचतो. सोल्डरचा ठसा स्वच्छ लाल आला आहे. पातेल्याचा ठसा मात्र तळाशी एक आणि काठाशी दुसरा येतो. तळाची कल्हई झिजून खालचे पितळ उघडे पडले असावे, असा माझा अंदाज आहे. तो तपासण्यासाठी त्याच जागेचा आणखी एक ठसा घेऊन अमोनियाने निळा होतो का, ते आधी पाहणार आहे, आणि मगच शिशाबद्दल लिहीन.