मुंबईत चालवायच्या स्पिटफायरला कुठलं डिफ?

सी लिंकवर टॉप गिअर, काटा साठ मैलांवर, आणि इंजिनचा आवाज असा की शेजारच्या सीटवरच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं. अशा वेळी डावीकडून एखादी वॅगन-आर निवांत पुढे निघून जाते. ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री ही जुनी इंग्लिश दोन सीटांची स्पोर्ट्स कार, पण काही वेगाची राणी नव्हे. १२९६ सीसी, ७५ बीएचपी, वजन सातशे किलोच्या आसपास. पण इतकीही मरतुकडी नसावी. मोबाईलवर जीपीएस लावून पाहिलं, तर साठ मैल दाखवणाऱ्या काट्यामागचा खरा वेग निघाला ताशी ऐंशी किलोमीटर, म्हणजे जेमतेम पन्नास मैल.

जुने स्पीडोमीटर थोडं चढवून सांगतातच, पण पन्नासचे साठ म्हणजे जरा अतीच. स्पीडोची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते. चाक किती फिरलं हे तिला कळत नाही, गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, किती फिरला तेवढंच कळतं. म्हणजे शाफ्ट आणि चाक यांच्यामध्ये कारखान्यानं ठेवलेला हिशेब कुणीतरी बदललेला होता.

हा हिशेब असतो मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डिफमध्ये. चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो त्याचा रेशो. डिफ न उघडता तो काढता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना मागून-पुढून ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, मागचं एक चाक जमिनीवर आणि दुसरं जॅकवर. उचललेलं चाक दोन फेरे फिरवलं की डिफमधलं मोठं दातेरी चाक, क्राऊन व्हील, एक फेरा फिरतं, कारण दुसरं चाक स्थिर असतं. शाफ्टवर खडूची खूण करायची, चाकाचे वीस फेरे करायचे आणि खालून एकानं शाफ्टचे फेरे मोजायचे. आलेल्या आकड्याला दहानं भागलं की रेशो. कारखान्याचा ४.११ असता तर शाफ्ट एकेचाळीस फेऱ्यांपाशी थांबला असता. आमचा अठ्ठेचाळीसही ओलांडून पाऊण फेरा पुढे गेला. म्हणजे ४.८७५, शाफ्टच्या बाजूचं आठ दातांचं छोटं चाक, पिनियन, आणि एकोणचाळीस दातांचं क्राऊन.

परळच्या गाळ्यातले माझे मेस्त्री मालवणचे. ते खालूनच म्हणाले, "साहेबानू, हो डिफ हिचो न्हय. हो हेराल्डचो."

बरोबर होतं. स्पिटफायरचा सांगाडा मुळात ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीवरून बेतलेला, दोन्हींचं डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तींचं, आणि मागचं डिफ एकाच घराण्यातलं. हेराल्ड आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटरमध्ये बनत होती. ९४८ सीसीच्या छोट्या इंजिनला ४.८७५ गरजेचंच होतं. आयात बंदच असल्यासारखी होती त्या काळात स्पिटफायरचं डिफ गेलं की मालकानं करायचं काय? हेराल्डचं भंगार शोधायचं. गाडी त्यामुळे रस्त्यावर राहिली, म्हणून त्या अज्ञात माणसाला मी नावं ठेवणार नाही.

आता प्रश्न होता, बदलायचं तर कुठलं बसवायचं. ज्याला विचारावं तो एकच आकडा सांगे: ३.६३. स्पिटफायर १५०० ला तेच होतं, हायवेवर गाडी शांत पळते, मायलेज वाढतं. पुण्याच्या एका मित्रानं तर "४.११ बसवणार असशील तर पैसे वाया" असं फोनवर ऐकवलंही. दुसरा पर्याय ३.८९, मार्क फोरचा. आणि तिसरा मूळचा ४.११.

मी आधी सोसायटीच्या आवारात चाक मोजलं. टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ, माणूस आत बसवून गाडी एक फेरा पुढे ढकलायची, पुन्हा रेघ. १४५/८० आर १३ टायरचं अंतर १७२ सेंटीमीटर आलं. कागदावरच्या व्यासावरून काढलं तर १७६ येतं, पण वजनाखाली टायर दबतो, म्हणून मोजलेलंच खरं धरायचं. एकदा हे हातात आलं की बाकी सगळी शाळेतली गणितं. १.७२ मीटरला साठ मिनिटांनी गुणलं की १०३, आणि १०३ ला डिफच्या रेशोनं भागलं की टॉपमध्ये दर हजार आरपीएमला मिळणारा वेग किलोमीटरमध्ये मिळतो. ४.८७५ ला २१, ४.११ ला २५, ३.८९ ला साडेसव्वीस, ३.६३ ला साडेअठ्ठावीस. ऐंशीच्या वेगाला हेराल्डच्या डिफवर इंजिन ३८०० आरपीएमच्या जवळ फिरत होतं. ४.११ वर ते ३२०० च्या आत येणार, ३.८९ वर ३०००, ३.६३ वर २८००.

एवढंच पाहिलं तर ३.६३ च जिंकतो. पण ३८०० वरून ३२०० वर येणं ही मोठी उडी, आणि तिथून २८०० हा त्यावरचा मुलामा. मोठी उडी तर मूळच्या डिफनंच मिळत होती.

शिवाय ३.६३ हा आकडा ज्या इंजिनासोबत आला ते इंजिन वेगळं आहे. १५०० मध्ये बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच, ७३.७ मिलिमीटर, पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७६ वरून ८७.५ केला. त्या इंजिनला जोर ३००० आरपीएमलाच येतो, म्हणून त्याला उंच गिअर, म्हणजे लहान रेशो, झेपतो. माझ्या १२९६ चा कमाल टॉर्क, म्हणजे ओढ, ४००० ला आणि कमाल ताकद ६००० ला. आता ६००० ला पंचविसानं गुणा: ताशी दीडशे किलोमीटर. मार्क थ्रीचा त्या काळच्या चाचण्यांतला कमाल वेग सुमारे ९५ मैल, म्हणजे १५३ किलोमीटर. कॉव्हेंट्रीच्या, म्हणजे ट्रायम्फच्या, इंजिनिअरांनी ४.११ हवेतून आणला नव्हता. इंजिनाची ताकद जिथे संपते नेमक्या त्याच ठिकाणी गाडीचा वेग संपतो असा तो बसवलेला आहे. ३.६३ वर तेच ६००० आरपीएम १७० ला येतील, जिथे ही गाडी उतारावरसुद्धा पोचणार नाही.

अर्थात मुंबईत दीडशेनं जायचं कुणाला आहे? सी लिंकला मर्यादा ८०, अटल सेतूवर १००, सगळीकडे कॅमेरे. म्हणून खरा विचार खालच्या गिअरांचा करायला हवा होता, आणि तो कुणीच करत नव्हतं. मार्क थ्रीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो, म्हणजे दात अलगद जुळवणारी सोय, नाही. सिग्नलपाशी गाडी सरपटत असताना पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो, नाहीतर दात वाजतात. त्यामुळे आपण दुसऱ्यावरच ओढत राहतो. दुसरा २.१६, म्हणजे ४.११ वर हजार आरपीएमला साडेअकरा किलोमीटर आणि ३.६३ वर सव्वातेरा. कागदावर फरक किरकोळ दिसतो. अंधेरीच्या फ्लायओव्हरखाली मे महिन्यात, तापमानाचा काटा चढत असताना, हाच फरक क्लचच्या प्लेटवर जातो.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि सगळा वाद घरबसल्या मिटवता येईल असं वाटलं. तिसऱ्या गिअरचा रेशो १.३९. त्याला ३.६३ नं गुणलं तर ५.०५. आणि माझ्या गाडीचा तेव्हाचा टॉप ४.८७५, कारण टॉपचा स्वतःचा रेशो एकच. म्हणजे ३.६३ बसवल्यावर तिसरा गिअर कसा ओढेल हे मला आत्ताच, डिफला हात न लावता, टॉपमध्ये चालवून कळत होतं. साडेतीन टक्क्यांचा फरक, तो सोडून द्या.

जुन्या हायवेनं खोपोलीहून वर निघालो. एरवी घाटात मी तिसऱ्यावर असतो. त्या दिवशी मुद्दाम टॉप सोडला नाही. रस्ता मोकळा होता तोवर, साठच्या आसपास, कुरकुरत का होईना चढली. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे एका ट्रकच्या मागे चाळीसवर आलो आणि तिथे खेळ संपला. १९०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर नुसता घरघराट, पुढे काही नाही. ३.६३ वर तिसऱ्याची हीच गत होणार आणि प्रत्येक ट्रकमागे दुसरा टाकावा लागणार. मूळच्या डिफवर तिसऱ्यात चाळीसला इंजिन २२०० वर असतं आणि चाकावरचा जोर तेरा टक्के जास्त. घाटात तेरा टक्के म्हणजे ओव्हरटेक आणि मागे बसून धूर खाणं यातला फरक. लोणावळ्यात चहा घेताना ३.६३ यादीतून गेला.

ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे बटणानं चालणाऱ्या जास्तीच्या उंच गिअरचा, विचार केला नाही असं नाही. मार्क थ्रीला तो कारखान्यातूनच पैसे भरून मिळत असे, लेकॉक कंपनीचा, तिसऱ्या आणि चौथ्यावर चालणारा. रेशो ०.८०, म्हणजे ४.११ चं बटण दाबताच ३.३० होतं. सगळ्यात शहाणपणाचं उत्तर हेच आहे. पण त्यासाठी गिअरबॉक्सचा मागचा भाग, शाफ्ट, वायरिंग सगळं बदलावं लागतं आणि खर्च ऐकून घरी सांगायची हिंमत झाली नाही.

उरला ३.८९ विरुद्ध ४.११. इथे मी बराच घुटमळलो, कारण ३.८९ मध्ये वाईट काहीच नाही. पण स्पीडो त्यावर साडेपाच टक्के कमी दाखवतो. आजवर काटा चढवून सांगत होता, त्यात निदान चलान येत नव्हतं. कमी दाखवणारा काटा अटल सेतूवर जास्त महाग. आणि ३.८९ नं जे मिळणार त्यातलं अर्धं टायरनंच मिळत होतं. माझे १४५ चे टायर तसेही सात वर्षांपूर्वीचे, कडक झालेले. त्याजागी १५५/८० आर १३ घातले तर चाकाचा फेरा १७२ वरून १७७ वर जातो, म्हणजे ४.११ चं डिफ चारच्या डिफसारखं वागतं. तारांच्या चाकांवर हे माप व्यवस्थित बसतं आणि कुठे घासत नाही हे आधी एक टायर चढवून, मागच्या सीटच्या जागी वजन टाकून तपासलं.

तेव्हा ४.११, आणि १५५ चे टायर.

डिफ इथे मिळणं अवघड होतं, कारण ४.११ चं डिफ असलेली १२०० सीसीची हेराल्ड आपल्याकडे बनली नाही. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे चौकशी केली, तर एका वयस्कर गुजराती काकांनी "ते दिवस गेले" एवढंच सांगून थंड पाणी दिलं. शेवटी इंग्लंडहून, जुन्या गाड्यांच्या तिघा मालकांनी मिळून समुद्रमार्गे माल मागवला त्यात माझं एक आख्खं डिफ. नुसतं क्राऊन-पिनियन मागवू नका असं मी कुणालाही सांगेन. ती दोन्ही चाकं म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते आणि तिला तुमच्या जुन्या डिफच्या लोखंडी खोक्यात नव्यानं बसवणं हे वेगळंच प्रकरण. डिफच्या खोक्यावरचा नंबर एफडी अक्षरांनी सुरू होतो का, ते फोटोत पाहून घेतलं, कारण मार्क थ्रीची ती खूण. तरी विकणाऱ्याला फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची तबकडी, फिरवून फेरे मोजायला लावले आणि व्हिडिओ मागितला. पन्नास वर्षांत खोक्याच्या आत कुणी काय घातलं असेल ते नंबर सांगत नाही. शाफ्टच्या फ्लँजवरच्या भोकांची मापंही तेव्हाच घेतली.

बेअरिंग आणि ऑइल सील नागदेवीच्या बाजारात मिळाले. बेअरिंगवरचा नंबर घेऊन गेलात तर तिथे गाडीचं नावही कुणी विचारत नाही. मेस्त्रींनी डिफ उघडून दातांना निळा रंग लावला, फिरवला आणि ठसा पाहिला. तो दाताच्या मधोमध यायला हवा. आमचा जरा टोकाकडे होता, म्हणून शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून पुन्हा, आणि पुन्हा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर चार ते सहा थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) मध्ये आणला. या कामात त्यांना घाई करणाऱ्याला ते गाळ्याबाहेर बसवतात. मलाही बसवलं.

गाडीतून जुनं डिफ काढणं हेही काम आहेच, कारण या गाडीत मागची आडवी पाटा स्प्रिंग डिफच्याच डोक्यावर बसते. सीटमागचं झाकण काढून वरून नट सोडवावे लागतात, आणि स्टड तुटला तर दिवस गेला. आम्ही आदल्या रात्री गंजावर तेल सोडून ठेवलं होतं. नवीन डिफमध्ये जीएल-५ दर्जाचं नव्वद नंबरचं तेल, अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. डिफच्या तिरक्या, एकमेकांवर घसरणाऱ्या हायपॉइड दातांना हेच लागतं. गिअरबॉक्ससाठी आणलेला डबा यात ओतू नये.

आता ऐंशीला ३१०० आरपीएम. काटा पन्नास मैलांवर असताना जीपीएस ऐंशी-एक्क्याऐंशी सांगतं. स्पीडोची जुनी चढवून सांगायची खोड आणि मोठे टायर यांनी एकमेकांचा हिशेब चुकता केला असावा. अटल सेतूवर शंभरला इंजिन ३९०० च्या आत असतं. ते काही शांत नाही, पण शेजारच्याशी बोलता येतं. पेडर रोडचा चढ हाजी अलीकडून तिसऱ्यात होतो. पहिला गिअर मात्र आता पूर्वीपेक्षा उंच वाटतो. हेराल्डच्या डिफवर उभ्या चढावरसुद्धा क्लच सोडला की गाडी निघायची, तसं आता होत नाही, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो.

पुण्याच्या मित्राला अजूनही पटलेलं नाही. त्याची गाडी १५०० आहे, त्यामुळे त्याच्या जागी तोही बरोबर. काढलेलं ४.८७५ मी धुऊन, तेल लावून ठेवलं होतं. ठाण्यात एकांच्या हेराल्डचं डिफ रडत होतं, ते येऊन बघून गेले. त्यांनाही आधी वीस फेरे मोजायला लावले, आणि मग दिलं.