त्यांचं मरण नको, त्यांचं काम सांगा

परवा परत तो फॉरवर्ड आला. तुम्हालाही आला असेल. 'एकेकाळची सुपरस्टार, शेवटी औषधाला पैसे नव्हते', खाली एक तरुणपणीचा फोटो, एक म्हातारपणीचा फोटो आणि रडणाऱ्या इमोजींची रांग. मी तो पूर्ण वाचला (वाचतेच मी, नाही म्हणायला काय जातंय) आणि वाचून झाल्यावर लक्षात आलं की त्या बाईने काम काय केलं होतं, कशात केलं होतं, कसं केलं होतं, यावर अख्ख्या मेसेजमध्ये एक ओळ नाहीये. बंगला किती खोल्यांचा होता ते आहे, कुणी खांदा दिला नाही ते आहे, बस्स.

मला याचा खरंच वैताग येतो. म्हणजे माणूस विसरला म्हणून हळहळायचं आणि हळहळताना त्याला दुसऱ्यांदा विसरायचं.

तर आज मी ज्यांचं नाव घेणार आहे त्यांच्या शेवटाबद्दल फार बोलणार नाहीये. पडद्यावर ते काय करून गेले तेवढंच.

सुरुवात गौरीपासून, म्हणजे पडद्यावरच्या जिजाईपासून, कारण या सगळ्याचं खूळ माझ्या डोक्यात तिच्यामुळेच शिरलं. 'संत तुकाराम', १९३६, प्रभात फिल्म कंपनी. विष्णुपंत पागनीसांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, आणि असायलाच पाहिजे, तो माणूस अभंग गातो तेव्हा गातोय असं वाटतच नाही. पण मी आणि आई एका रात्री हा सिनेमा लावून बसलो होतो आणि अर्ध्या तासाने आई म्हणाली, "अगं, ही जिजाई कोण गं? ही तर नटीच वाटत नाही." तिला म्हणायचं होतं की ही घरातलीच कुणीतरी वाटतेय. कमरेवर हात, पदर खोचलेला, म्हशीशी बोलताना आणि नवऱ्याशी बोलताना तोच सूर, किंबहुना म्हशीशी जरा जास्त प्रेमाचा. पोर आजारी पडतं तेव्हा ही बाई तरातरा देवळात जाते आणि पायातलं काढून थेट पांडुरंगावर उगारते. १९३६ साली! संतपटात! आणि थिएटरात कुणाला ते खटकलं नाही, कारण ती देवाचा अपमान करत नाहीये, ती भांडतेय, घरातल्या माणसाशी भांडावं तसं. समोर पागनीस आकाशाकडे बघत असतात आणि ही सतत जमिनीकडे, चुलीकडे, पोरांच्या पोटाकडे. माझं तर म्हणणं आहे की तो सिनेमा गौरीमुळे तुकारामाचा झालाय. ती नसती तर नुसता चमत्कारांचा सिनेमा झाला असता.

आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेले तर मिळालं काय, एक शब्द. गौरी. आडनाव नाही. ही नाटकातून आलेली नव्हती, अभिनय शिकलेली नव्हती, प्रभातमध्येच काम करणारी, एक्स्ट्रा म्हणून उभी राहणारी बाई, सिनेमाचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी तिला हेरलं आणि मुख्य भूमिका दिली. हा सिनेमा मुंबईत एकाच थिएटरात सलग ५७ आठवडे चालला, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात निवडक तीन चित्रपटांत त्याचं नाव आलं. आणि जिच्यामुळे माझी आई सिनेमा थांबवून प्रश्न विचारते तिच्या नावावर माहितीचं पानभर काही सापडू नये, म्हणजे काय म्हणायचं.

जाता जाता, याच सिनेमातलं 'आधी बीज एकले' हे तुकारामांचं नाही बरं का. शांताराम आठवल्यांनी लिहिलंय ते सिनेमासाठी. इतकं बेमालूम की लोक गाथेत शोधत बसले. ज्याचं लिखाण लोकांनी तुकारामांच्या खात्यावर जमा केलं त्याला विसरलेला म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येत नाही.

आता जरा आणखी मागे जाऊ. 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन. दादासाहेब फाळके सगळ्यांना ठाऊक. पण तारामती कोण होती? अण्णा साळुंके. बाप्या. फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, ज्यांना समाज आधीच बाहेर उभं करतो अशा बायकांकडेही ते जाऊन आले, त्यांनीसुद्धा सिनेमा म्हटल्यावर नकार दिला, आणि शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात त्यांना हा नाजूक बांध्याचा, सडपातळ हातांचा आचारी दिसला. तिथे महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पाच रुपयांच्या फरकाने भारतीय सिनेमाला पहिली नायिका मिळाली, गंमत बघा. आणि बाईचं काम करायचं तर मिशा काढायला हव्यात, वडील जिवंत असताना मिशा कशा काढायच्या म्हणून या स्त्रीपार्टी मंडळींनी बरीच खळखळ केली म्हणे. त्यांची बाजू मला पूर्ण पटते.

त्या सिनेमाची जी थोडी रिळं उरलीत त्यात एक प्रसंग आहे, हौदात राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळतायत, सगळ्या ओल्या साड्या नेसलेल्या, आणि सगळे पुरुष. (ही उरलेली रिळं १९१३ चीच की १९१७ ला फाळक्यांनी परत केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे, तो त्यांच्यावर सोडू.) बघताना आधी हसू येतं. मग तुम्ही साळुंक्यांकडे नीट बघायला लागता. बाकीचे साडी सांभाळतायत, हा माणूस साडीत वावरतोय. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर यानेच राम केला आणि यानेच सीता केली! राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढून बसायचे असं सांगतात. म्हणजे ज्या आचाऱ्यापुढे लोक अनवाणी बसले तोच दोन मिनिटांनी अशोकवनात रडत होता, आणि लोक त्याच्याबरोबर रडत होते. डबल रोल म्हटलं की आपल्याला 'राम और श्याम' आठवतो. असो. पुढे साळुंके कॅमेऱ्यामागे गेले, छायाचित्रण करायला लागले. तारामतीने कॅमेरा हातात घेतला असं मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणते.

बायकांना सिनेमात काम करायचं नव्हतं हे वाक्य आपण फार सहज म्हणतो. त्याच १९१३ ला 'मोहिनी भस्मासुर' झाला आणि त्यात दोन बाया आहेत, आई आणि मुलगी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि तेरा-चौदा वर्षांची कमलाबाई मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी पोर, तेव्हाच्या बाईपुढे जे दोन-तीन रस्ते असायचे त्यातला नाटक कंपनीचा रस्ता त्यांनी घेतला, आणि नाटकात आधीच नाव 'घालवलेलं' असल्यामुळे सिनेमात घालवायला काही शिल्लकच नव्हतं. म्हणजे धाडस बिडस आपण आता म्हणतो, तेव्हा ती बहुधा रोजीरोटी होती. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, तरुणपणी नवरा गेला, तीन मुलगे वाढवले ते रंगभूमीवर काम करूनच, आणि तिथे त्यांनी पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या. इकडे साळुंके सीता, तिकडे कमलाबाई पुरुषवेशात. चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा, विक्रम गोखले नातू. आपण ओळख उलटी करून देतो, 'विक्रम गोखल्यांची आजी'. रीना मोहन यांनी १९९२ ला त्यांच्यावर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला, मिळाला तर चुकवू नका, नव्वदीला आलेली बाई आहे आणि कॅमेरा समोर आला की अजून तिला बरोब्बर कळतं की आता आपली एन्ट्री आहे.

मास्टर विठ्ठल हे एक वेगळंच प्रकरण. मूकपटांतला स्टंट हिरो, तलवारी, उड्या, लोक याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. सुरुवात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. १९३१ ला निर्माते अर्देशिर इराणींनी 'आलम आरा'साठी त्याला घेतलं, तो आधीच्या स्टुडिओचा करार सोडून आला, त्या स्टुडिओने कोर्टात खेचलं आणि विठ्ठलची बाजू मांडायला वकील कोण तर महंमद अली जिना. जिंकले. आणि मग खरी अडचण सुरू झाली, कारण भारताच्या पहिल्या बोलपटाच्या नायकाला उर्दू-हिंदी संवाद धड जमेनात. तेव्हा डबिंग नव्हतं, चित्र आणि आवाज एकाच वेळी नोंदवायचे, स्टुडिओजवळ रेल्वेचे रूळ, म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर शूटिंग, माइक कपड्यात नाहीतर सेटवर कुठेतरी लपवलेले, वाजवणारेही कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दडलेले. या सगळ्यात नायकाची जीभ अडखळणार असेल तर काय करणार? त्याला बराचसा सिनेमाभर गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवला. बोलपट बोलू लागला आणि हिरो गप्प झाला! लोक हे विनोद म्हणून सांगतात, मलाही हसू येतं, पण जो माणूस इतकी वर्षं नुसत्या शरीराने गोष्ट सांगत होता त्याच्या धंद्याचे नियम एका रात्रीत बदलले, १४ मार्च १९३१ च्या रात्री म्हणा हवं तर, याचा विचार केला की हसू जरा आवरतं. त्याने पुढे कित्येक वर्षं काम केलंच, पण त्याच्या उड्या कुठे बघणार? 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. फोटो आहेत, पोस्टर आहेत, सिनेमा नाही.

आणि इथेच मला ते फॉरवर्डवाले अर्धंच सांगतात असं वाटतं. 'कृतघ्न इंडस्ट्री, कृतघ्न प्रेक्षक'. असतील कृतघ्न. पण विसरण्यामागे एक अगदी साधं रसायन आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. भयंकर पेट घेणारी, आणि पेटली नाही तरी उकाड्यात-दमटीत चिकट होऊन सडणारी. वर तिच्यात चांदी. सिनेमा चालून गेला, बोलपट आले, मूकपटाला कुत्रं विचारेना, मग डबे गोदामात ठेवून भाडं कोण भरणार, दिले चांदी काढणाऱ्याला. नुसता हलगर्जीपणाच होता असं नाही, धंद्याचा हिशोब होता तो. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह निघालं १९६४ ला, तोवर पन्नास वर्षं उलटून गेलेली, पी. के. नायर हा माणूस अक्षरशः घरोघर, गोदामोगोदामी जाऊन डबे गोळा करत फिरला, आणि एवढं करून २००३ ला तिथल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागलीच. पेंटरांचा 'सैरंध्री' आज शिल्लक नाही. १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात शांताराम वणकुद्रे (म्हणजे पुढचे व्ही. शांताराम) नावाचा पोरगा शेतकऱ्याच्या भूमिकेत होता, तोही नाही. ज्यांचं काम उरलं ते 'लेजंड', ज्यांचं जळालं ते विसरलेले. यात अभिनयाचा संबंध किती?

बरं, जे जळालं नाही त्याचंही काय करतो आपण? शांता हुबळीकर घ्या. 'माणूस', १९३९, 'कशाला उद्याची बात' सगळ्यांना येतं, आणि त्यांच्याबद्दल वाचायला गेलं की पहिल्या ओळीत वृद्धाश्रम. मी म्हणते वृद्धाश्रम नंतर वाचा, आधी ते गाणं बघा. हुबळीकडची कानडी मुलगी, मराठी तिने शिकून घेतलेलं, आणि ती त्या एका गाण्यात भाषांमागून भाषा बदलत जाते आणि प्रत्येक भाषेबरोबर डोळ्यांतला भाव बदलते, समोरचं गिऱ्हाईक बदललं की दुकानदार बदलतो ना, तसा. त्यांची मैना ही धंदा करणारी बाई आहे हे कुठल्याही संवादापेक्षा त्या डोळ्यांच्या बदलात कळतं.

भगवानदादांचं तर विचारूच नका, सात गाड्या आणि दादरची चाळ, एवढंच चरित्र करून ठेवलंय त्यांचं. 'अलबेला' (१९५१) मधलं 'शोला जो भडके' लावा आणि फक्त त्यांच्या पायांकडे बघा. ते पाय जवळजवळ हलतच नाहीत! सगळा नाच खांद्यात, मनगटात आणि त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांत. आणि मग त्याच सिनेमातलं 'दीवाना परवाना' लावा, त्यांच्यावरून नजर काढून बँड वाजवणाऱ्या मंडळींकडे बघा, त्यात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. गोव्याचा, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र यांचा सहायक. हे गोव्याचे वादक आणि अरेंजर यांच्यावर खरं तर वेगळी पोस्ट पाहिजे, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस वगैरे. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि यांनी रात्र जागून चाळीस-पन्नास वाद्यांचं नोटेशन लिहायचं, पडद्यावर नाव संगीतकाराचं. लिहीन कधीतरी. (आधीही म्हणाले होते, माहितीये.)

शेवटी एक बघायला सांगते. 'कालिया मर्दन', फाळके, १९१९, बराचसा शिल्लक आहे आणि नेटवर सहज मिळतो. कृष्ण झालीये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी फाळके काय करतात, तर मुलीचा चेहरा दाखवतात, नुसता चेहरा, साधी सात वर्षांची पोर, आणि पाटी येते की हा या मुलीच्या मुद्राभिनयाचा नमुना आहे. मग ती एकेक भाव करून दाखवते. बापाने जगाला सांगितलंय, आधी माझ्या लेकीचं काम बघा, देव नंतर बघा. आणि मग त्याच चेहऱ्यातून कृष्ण येतो. अपलोड करणाऱ्यांनी वरून कसलंतरी बासरीचं संगीत चढवलेलं असतं, तेवढं म्यूट करा आणि मग बघा.