‘नमुना उत्तर’ या रकान्यात अडकलेले १९ दिवस

प्रश्नपत्रिकेच्या मंजुरीसाठी जो छापील अर्ज भरून द्यावा लागतो, त्यात प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने असतात: ‘नमुना उत्तर’ आणि ‘उत्तराचा पृष्ठ क्रमांक’. वाचलेले समजून घ्यायला आणि त्यावर स्वतःचा विचार करायला मुलांना शिकवण्याचे काम मी सातवीच्या वर्गात वर्षभर केले. त्यातला सर्वांत अवघड टप्पा वर्गात आला नाही, तो या दोन रकान्यांपाशी आला. त्याबद्दलचा माझा राग अजून पूर्णपणे शमलेला नाही, आणि दुसऱ्या कोणाचे इतके दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या कामाची सुरुवात एका उताऱ्याने झाली. पुराविषयीचा तो उतारा मी स्वतः लिहिला होता. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात नदीवरचा एकमेव पूल सकाळी वाहून जातो आणि शेवटच्या परिच्छेदात, त्याच दिवशी संध्याकाळी, टपालवाला त्याच पुलावरून सायकलने घरी परततो. मुलांनी उतारा न अडखळता वाचला, खालच्या पाचही प्रश्नांची उत्तरे बरोबर लिहिली आणि ४१ जणांपैकी एकानेही पुलाबद्दल विचारले नाही. तास संपल्यावर एका मुलीने मला सांगितले की तिला ते खटकले होते, पण छापलेले चुकीचे कसे असेल, असे वाटून ती गप्प राहिली. एलेन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही मुलांना उताऱ्यातील उघड विसंगती जाणवत नसल्याचे आढळले होते, हे मी नंतर वाचले. त्या दिवशी मात्र माझी झोप उडाली ती त्या मुलीच्या उत्तराने.

पुढचे चार महिने तुलनेने सुरळीत गेले. पॅलिन्सर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत मी वापरली. मुलांचे चार-चारांचे गट केले आणि प्रत्येक परिच्छेदानंतर सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, न कळलेले स्पष्ट करून घेणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे ही चार कामे त्यांनी आळीपाळीने करायची, असे ठरवले. सारांश पुस्तक मिटूनच सांगायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. मी तो दोन आठवडे उशिरा केला आणि तोवर परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचून दाखवणे म्हणजे सारांश, अशी मुलांची समजूत होऊन बसली होती.

सत्र परीक्षा जवळ आली तेव्हा एका मुलाने विचारले, “बाई, परीक्षेत असे प्रश्न येणार आहेत का?” मी होकार दिला आणि त्या होकाराला जागण्यासाठी प्रश्नपत्रिकेत चार गुणांचा एक प्रश्न घातला: ‘लेखकाच्या कोणत्या विधानाला उताऱ्यात पुरेसा आधार दिलेला नाही, असे तुम्हाला वाटते? कारणासह लिहा.’ नमुना उत्तराचा रकाना मी रिकामा सोडला. सहा दिवसांनी अर्ज लाल शाईतल्या शेऱ्यासह परत आला: ‘रकाना अपूर्ण.’ मी त्यात ‘उत्तरे वेगवेगळी असू शकतील’ असे लिहून तो पुन्हा दिला. पाच दिवसांनी शेरा आला: ‘निश्चित उत्तर लिहावे.’ तिसऱ्या वेळी मी तीन संभाव्य उत्तरे आणि प्रत्येकाचा उताऱ्यातील आधार, असे सगळे जोडपान लावून दिले. त्यानंतर आठ दिवस रोज मधल्या सुट्टीत चौकशी केली आणि रोज ‘तपासणीत आहे’ एवढेच ऐकले. मुलांना मी शब्द दिलेला होता आणि तो मला पाळता येईल की नाही, हे एका कागदाच्या रकान्यावर ठरणार होते. त्या आठ दिवसांत वर्गात मी उगाचच दोनदा मुलांवर ओरडले, याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटी मी पर्यवेक्षकांना स्वतः जाऊन भेटले. ते म्हणाले, “बाई, चार तुकड्यांचे पेपर चार जण तपासणार. त्याच उत्तराला एकाने चार गुण दिले आणि दुसऱ्याने दोन, तर पालकांना उत्तर मला द्यावे लागते.” हा आक्षेप अगदी रास्त होता. तो पहिल्याच दिवशी सांगितला असता तर सगळे तेव्हाच सुटले असते. ‘रकाना अपूर्ण’ या दोन शब्दांतून तो मला कळणे शक्य नव्हते.

मी त्यांच्यापुढे एका कागदावर एक वाक्य लिहिले: ‘तांबूस लिरखा रोज पहाटे मोणकीजवळ झुरपायचा, कारण त्याला फेंडळ सापडत नसे.’ मग विचारले, “सर, लिरखा कोठे झुरपायचा? केव्हा? आणि का?” त्यांनी तिन्ही उत्तरे अचूक दिली. ‘लिरखा’ म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते, कारण तो शब्दच मी बनवलेला होता. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. ज्या प्रश्नांना पृष्ठ क्रमांक देता येतो त्यांतले बरेचसे अशा वाक्यावरही विचारता येतात, हे वेगळे सांगावे लागले नाही.

तरीही त्यांच्या आक्षेपाचे उत्तर द्यायचे राहिलेच होते. म्हणून नमुना उत्तराऐवजी मी गुणदानाचे निकष लिहून दिले: विधान नेमके निवडण्यास एक गुण, त्यासंबंधी उताऱ्यातील मजकूर दाखवण्यास एक, आणि तो आधार अपुरा का आहे, हे पटेल असे मांडण्यास दोन. मग मी आणि दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांनी दहा सराव उत्तरे एकमेकांचे गुण न पाहता तपासली. आठ उत्तरांना सारखेच गुण पडले आणि उरलेल्या दोन उत्तरांत एकेका गुणाचा फरक आला. ते दहा कागद पाहून सरांनी तिथेच सही केली. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी निकष आणि दहा तपासलेली उत्तरे पहिल्याच अर्जाला जोडावीत आणि शेऱ्याची वाट न पाहता समोर बसून बोलावे.

शिकवण्याआधी परीक्षेकडे पाहावे, हेही मला उशिरा कळले. डोलोरेस डर्किन यांच्या १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या ४,४६९ मिनिटांपैकी जेमतेम २० मिनिटे आकलन शिकवण्यात गेल्याचे दिसले होते. आकलन तपासण्यासाठी प्रश्न विचारण्यात मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ गेला होता. माझी आधीची कितीतरी वर्षे याहून वेगळी नव्हती.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो यांना शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे आढळले होते, आणि तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली होती. मी मनात पाचपर्यंत मोजते आणि पहिले काही दिवस ती शांतता फार जड जाते. दुसरे म्हणजे, ज्या विषयाची मुलांना काहीच माहिती नाही, त्यावरील उताऱ्यात त्यांना शंका काढायला सांगू नये. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ मधील अभ्यासात बेसबॉल जाणणाऱ्या कच्च्या वाचकांनी, खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा, सामन्याच्या वर्णनाचा उतारा अधिक नीट आठवून सांगितला होता. आधी माहिती द्यावी, मग प्रश्न विचारावेत.

परीक्षेत काही मुलांनी विधान नेमके निवडले, पण पुढे नुसते ‘मला हे पटत नाही’ असे लिहिले आणि त्यांना निकषांप्रमाणे एकच गुण मिळाला. पुलाबद्दल गप्प राहिलेल्या मुलीने पाऊण पान लिहिले होते.

दुसऱ्या सत्राच्या अर्जातही तेच दोन रकाने होते. पहिल्यात मी ‘गुणदानाचे निकष सोबत जोडले आहेत’ असे लिहिले, दुसऱ्यात उताऱ्यातील ओळींचे क्रमांक घातले आणि अर्ज चौथ्या दिवशी मंजूर होऊन आला.