किमतीला तासांनी भागायचं का?

रविवार, रात्र

आज सकाळी भाच्याबरोबर नाशिकची पांडवलेणी चढून आले. तो अकरावीत आहे. दहावीच्या निकालाला आजीने दिलेले पैसे त्याने अजून मोडलेले नाहीत, आणि त्यातून एकच व्हिडिओ गेम घ्यायचा असं त्याचं ठरलंय. पायऱ्या चढताना तो मला हिशेब समजावत होता. हा गेम संपायला पन्नास तास लागतात, त्याला शंभराच्या वर. किमतीला तासांनी भागायचं आणि ज्याचा तासाचा दर सगळ्यांत कमी पडेल तो घ्यायचा. "आत्या, दोन तासांत संपणाऱ्या गेमला पाच-सहाशे रुपये कोण देईल?"

मी देते. आनंदाने देते. पण दम लागलेला असताना चार वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

त्याचा हिशेब खोटा नाही, हे आधी लिहिते. वर्षाला एखादाच गेम ज्याच्या वाट्याला येतो, त्याला तो पुरवून खेळावा लागतो. मोठे नवे गेम आता चार-पाच हजारांच्या घरात आहेत. तेवढे पैसे घालून शनिवारी सुरू केलेला गेम रविवारी दुपारी संपला तर पोराला रुखरुख लागणारच. "लांबी बघू नकोस, दर्जा बघ" असं कमावत्या माणसाने त्याला सांगणं मला बरं वाटत नाही.

आमच्या लहानपणी हिशेब उलटा होता. सिडकोतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे लागायचे. दादा बरोबर असला तरच मला आत सोडायचे. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमच्या आठ लेव्हल्स, हात बसला की अर्ध्या-पाऊण तासात संपतात, म्हणजे लवकर संपवणाऱ्याचा फायदा, उरलेल्या वेळात मारिओ. पण आम्ही संपवायला जातच नव्हतो. धबधब्याची लेव्हल आली की दादा भराभर वर उड्या मारायचा, स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकायची आणि मागे राहिलेली मी खालच्या खाली मरायचे. मग भांडण, मग पुन्हा पहिल्यापासून. त्या एवढ्याशा खेळाने आमच्या किती सुट्ट्या भरून काढल्या! तो किती तासांचा होता, याचं उत्तर मला आजही देता येणार नाही.

लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. उतरल्यावर तिथे चहा घेतला, तेव्हा भाच्याला एक गोष्ट सांगितली. दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे. 1913 साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तेव्हा लोकांना नाटकाची सवय होती. दोन आण्यांत पाच-सहा तास नाटक बघायला मिळायचं. सिनेमाला तीन आणे, आणि तो त्यामानाने लगेच आटपायचा. प्रेक्षकाने का यावं? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली असं सांगतात, की 57,000 छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! चित्रपट होता चार रिळांचा, सुमारे 3,700 फुटांचा. म्हणजे एक मैलसुद्धा नाही. माणसाने कलेची लांबी विचारायची आणि विकणाऱ्याने ती मैलांत सांगायची, हे इतकं जुनं आहे.

आणि अगदी हेच 2022 च्या जानेवारीत पुन्हा झालं. 'डाइंग लाइट 2' येणार होता. टेकलँड या पोलिश कंपनीने जाहीर केलं की गेम पूर्णपणे संपवायला किमान 500 तास लागतील, जवळजवळ वॉर्साहून माद्रिदला चालत जायला लागतील तेवढे. त्यांना वाटलं असेल लोक खूश होतील. झालं भलतंच. एवढा वेळ आणायचा कुठून, असं खेळणारेच विचारू लागले, आणि कंपनीला खुलासा करावा लागला की मुख्य कथा साधारण 20 तासांची आहे, साइड क्वेस्ट, म्हणजे कथेबाहेरच्या छोट्या मोहिमा, धरून 80. मला ती बातमी वाचून फार बरं वाटलं होतं. तास फुकट मिळत नाहीत, ते आपल्याच आयुष्यातून जातात, हे इतक्या जणांनी एकदम बोलून दाखवलं होतं.

भागाकारातली खोट मला इथेच दिसते. त्यात रुपये हा खर्च आणि तास ही मिळकत. पण शिफ्ट करून, स्वयंपाक आवरून जो माणूस रात्री दहाला कंट्रोलर हातात घेतो, त्याच्यासाठी तास हाही खर्चच आहे. 2018 च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये तर वेगळे पैसे भरून अनुभवाचे पॉइंट, ज्यांच्यावर आपलं पात्र पुढच्या पायरीवर जातं, 50 टक्के जास्त मिळवायची सोय होती. म्हणजे आधी लांब गेम म्हणून पैसे द्यायचे, मग तो लवकर पुढे सरकावा म्हणून पुन्हा द्यायचे. तास हीच जर कमाई असेल, तर ती कमी करून घ्यायला कोणी पैसे का मोजावेत?

तरी लांब गेम म्हणजे नुसता पसारा, असंही मी म्हणणार नाही. 'विचर 3' मी जीव लावून खेळले आहे. त्यात वेलेनच्या दलदलीत एक जहागीरदार भेटतो, हरवलेली बायको आणि मुलगी शोधून दे म्हणतो. तपास करता करता कळतं की त्या घरात दारू होती, मारहाण होती, आणि तो मोडलेला माणूस एकाच वेळी किळसवाणा आणि केविलवाणा वाटू लागतो. निर्णय आपल्याला घ्यायचा असतो आणि कुठलाही घेतला तरी मन खात राहतं. ती गोष्ट घाईत सांगताच आली नसती. त्या प्रदेशात आधी भटकावं लागतं, तिथली उपासमार बघावी लागते, तेव्हा ती लागते. त्याच गेममध्ये पुढे स्केलिगे बेटं येतात. नकाशावर समुद्रभर न पाहिलेल्या जागांची प्रश्नचिन्हं, शिडाची होडी हाकत एकेका ठिकाणी जायचं, पाण्यात तरंगणाऱ्या चोरट्या मालाच्या पेट्या फोडायच्या, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे वळायचं. घड्याळाला दोन्ही तास सारखेच. मला त्यातला पहिला आज संवाद-संवाद आठवतो, दुसऱ्यातलं काहीच नाही. खेळ म्हणजे द्राक्षं नव्हेत, पेटीच्या वजनावर भाव करायला.

आणि छोटे गेम! यांच्याबद्दल मला खरंच पोटतिडकीने बोलायचं असतं. 2007 चा 'पोर्टल' तीन-चार तासांत संपतो. एकामागून एक कोड्यांच्या खोल्या, प्रत्येक खोली एक नवी गोष्ट शिकवते, आणि शिकलेली कुठलीच गोष्ट वाया जात नाही. 2012 चा 'जर्नी' दोन तासांचा. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जायचं. वाटेत जगात कुठेतरी खेळणारा एक अनोळखी माणूस भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढून हाक मारता येते. बर्फात दोघं एकमेकांना बिलगून चालतात, कारण त्याने ऊब मिळते. शेवटी श्रेयनामावलीनंतर कळतं, आपल्याबरोबर कोण कोण होतं. हा गेम वीस तासांचा केला असता तर तो अनोळखी माणूस कंटाळवाणा झाला असता.

अशा गेम्सवर अन्याय होतो याचं मला वाईट वाटतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. खेळणाऱ्यासाठी नियम चांगलाच आहे. पण दीड तासाचा गेम पूर्ण खेळून, आवडूनसुद्धा, परत करता येतो. 'समर ऑफ 58' बनवणाऱ्या एकट्या माणसावर 2021 मध्ये हीच वेळ आली, आणि आपण गेम बनवणं थांबवतोय असं त्याने जाहीर केलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने बनवलेला 'राजी' 2020 मध्ये आला. पहाडी चित्रशैली, दुर्गा आणि विष्णूच्या तोंडून सांगितलेली कथा, भावाला सोडवायला निघालेली एक डोंबारी मुलगी. त्याआधी 2017 मध्ये त्यांना लोकवर्गणी पुरेशी जमली नव्हती, तरी पोरांनी काम सोडलं नाही. आणि गेम आल्यावर अनेकांची तक्रार काय, तर पाच-सहा तासांतच संपतो. लढाईत तोचतोचपणा येतो म्हणा, शेवट अर्धवट सोडलाय म्हणा, ते मीही मान्य करते. पण एवढ्याशा चमूने तो उगाच वीस तासांचा ताणला असता तर त्या चित्रांची काय कळा झाली असती!

भाच्याने विचर घ्यावा, पुढचा सेल लागला की दोन्ही विस्तारांसकट, म्हणजे नंतर आलेल्या जोडकथांसकट. त्याच्या पैशांत तो बसेल आणि परीक्षेनंतरची अख्खी सुट्टी पुरेल. त्याआधी त्याला एका रविवारी माझ्याकडे बोलावणार आहे, जर्नी एका बैठकीत खेळायला. मध्ये फोन बघायचा नाही, एवढंच सांगणार. स्केलिगेची प्रश्नचिन्हं सोडून दे, असंही सांगून बघेन. ऐकेल असं वाटत नाही. नकाशाचा कोपरा कोरा राहिलेला त्याला चालत नाही, आणि दादालाही कधी चालला नव्हता.