पायथन लायब्ररीच्या डिपेंडन्सी नीट नोंदवताना : माझा अनुभव

सांगलीत आम्ही काही जण मिळून कृष्णेच्या पाणीपातळीच्या नोंदी वाचणारी एक छोटी पायथन लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, सांभाळतो. आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत आणि कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये, अशी माहिती एक्सेलच्या निरनिराळ्या तक्त्यांतून हाती येते. ती एका कालक्रमात लावून ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी केव्हा ओलांडली गेली हे सांगणे, एवढेच तिचे काम. लोक ती नव्याने बसवतात तेही बहुधा पावसाळ्यात, पाणी चढू लागल्यावर. त्या वेळी ती बसलीच नाही, किंवा बसूनही पहिल्याच ओळीला अडली, तर तिचा काही उपयोग नाही. म्हणून पावसाळ्याच्या आधीच तिच्या डिपेंडन्सी, म्हणजे तिला चालायला लागणारी इतर पॅकेजेस, मुळापासून नोंदवण्याचे काम मी अंगावर घेतले.

तोवर ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमधली यादी जशीच्या तशी सेटअप फाइलमध्ये वाचली जात होती आणि ती यादी पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या ‘पिप’ या साधनाच्या ‘पिप फ्रीझ’ आज्ञेने तयार झालेली होती. एका संगणकावर एका क्षणी काय काय बसलेले आहे, याची ती नोंद. एखादे अॅप्लिकेशन सर्व्हरवर हुबेहूब उभे करायचे असेल तर अशी यादी योग्यच, पण लायब्ररी दुसऱ्याच्या प्रकल्पात इतर लायब्रऱ्यांशेजारी राहते आणि पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजेस बसवण्याच्या स्वतंत्र जागेत) एका पॅकेजची एकच आवृत्ती बसू शकते. आम्ही तक्ते हाताळणाऱ्या पांडास या पॅकेजची नेमकी एक आवृत्ती मागितली आणि शेजारच्या लायब्ररीने दुसरी, तर दोघांना एकत्र नांदता येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पिप २०.३ पासून तर असा विरोध दिसताच पिप बसवणेच थांबवते. त्याआधी ते बरेचदा इशारा देऊन पुढे जात असे.

नवी यादी मी जुन्या यादीवरून केली नाही. आमच्या कोडमधील प्रत्येक इम्पोर्ट, म्हणजे बाहेरचे पॅकेज वापरायला घेणारी ओळ, वाचत गेलो. इम्पोर्टचे नाव आणि पॅकेजचे नाव एकच असेल असे नाही : ‘यामल’ हे पायवायएएमएल या पॅकेजमधून येते, ‘डेटयुटिल’ हे पायथन-डेटयुटिल या पॅकेजमधून. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकडेमोडीचे नमपाय आणि तारखा हाताळणारे डेटयुटिल ही दोन्ही आमचे कोड थेट वापरत होते, पण ती पांडासबरोबर आपोआप येत असल्याने त्यांची स्वतंत्र गरज कोणाला जाणवलेली नव्हती. पांडासने उद्या त्यांतले एखादे सोडले तर आमचे कोड मोडेल आणि पांडासचा त्यात काही दोष नसेल. आपण ज्याला थेट हात लावतो ते आपणच जाहीर करायचे, हा नियम मी इथे कसोशीने पाळला.

ओपनपायएक्सएलची गोष्ट याच्या उलट होती. आमच्या कोडमध्ये ते कुठेच इम्पोर्ट होत नाही. मात्र पांडासला एक्सेलची आजची फाइल वाचायला ते लागते आणि पांडास ते सक्तीने आणत नाही. म्हणजे केवळ इम्पोर्टवर विसंबले असते तर आमचे मुख्य कामच अडले असते. वेळेच्या विभागासाठी आम्ही ‘झोनइन्फो’ वापरतो, जे पायथन ३.९ पासून मूळ पायथनबरोबरच मिळते. पण विंडोजकडे त्याला लागणारी माहिती नसते, म्हणून ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज फक्त विंडोजसाठी, अशी अट घालून नोंदवले.

सर्वाधिक वेळ आवृत्त्यांच्या किमान मर्यादा ठरवण्यात गेला. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले आणि जुन्या नमपायवर बांधलेले पांडास त्याच्याबरोबर इम्पोर्टलाच कोसळू लागले, पांडास २.२.२ ही नमपाय २ बरोबर चालणारी पहिली आवृत्ती. म्हणून आम्ही पांडाससाठी किमान २.२.२ लिहिले. वरची मर्यादा मात्र कुठेही घातली नाही. पुढची आवृत्ती आपले कोड मोडेलच असे आज ठाऊक नसताना ती नाकारणे म्हणजे वापरणाऱ्याची वाट विनाकारण अडवणे, असे माझे मत आहे. शिवाय प्रकाशित झालेल्या आवृत्तीतील नोंद नंतर बदलता येत नाही. पुढच्या आवृत्तीत मर्यादा घातली तरी पिप मागे जाऊन मर्यादा नसलेली जुनी आवृत्ती निवडू शकते.

हे सारे प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या पायप्रोजेक्ट टॉमल फाइलच्या ‘प्रोजेक्ट’ विभागात गेले. मॅटप्लॉटलिब ऐच्छिक गटात ठेवले, कारण आलेख सर्वांनाच लागत नाहीत. पायटेस्ट केवळ आमच्या कामाचे, म्हणून ते डिपेंडन्सी ग्रुपमध्ये, जो वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

पडताळणीत एक बारकावा ध्यानात ठेवावा लागला. रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये लायब्ररी बसवून चाचण्या चालवल्या की ओपनपायएक्सएलसारखी उणीव लगेच उघडी पडते, पण डेटयुटिलसारखी पडत नाही, कारण पांडास ते घेऊनच येते. ‘पिप चेक’ही इथे कामाचे नाही, ते जाहीर केलेल्या गरजा पुऱ्या झाल्या आहेत की नाहीत एवढेच पाहते. त्यासाठी इम्पोर्ट आणि नोंद यांची तुलना करणारे ‘डेप्ट्राय’ लावले. किमान मर्यादा खऱ्या आहेत का, हे यूव्ही या पिपसारख्याच साधनाला थेट डिपेंडन्सींच्या सर्वांत जुन्या मान्य आवृत्त्या बसवायला सांगून तपासले. शेवटी व्हील फाइल, म्हणजे बसवण्यासाठी तयार केलेले लायब्ररीचे गाठोडे, उघडून तिच्या मेटाडेटातील गरजांच्या ओळी डोळ्यांनी वाचल्या, कारण पिप वाचते त्या याच ओळी.

सध्या आम्ही किमान पायथन ३.१० मागतो. त्याचा आधार ऑक्टोबर २०२६ मध्ये संपेल, तेव्हा ही मर्यादा ३.११ वर नेऊ. ज्यांच्याकडे तेव्हाही ३.१० असेल त्यांना पिप आमची आधीची आवृत्ती स्वतःहून देईल.